रेडिओवरचं जॅझ आणि श्रोत्यांची पत्रं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी बरीच वर्षं रेडिओवर जॅझचा साप्ताहिक कार्यक्रम करतो. कार्यक्रम एका तासाचा असतो. त्याच्या तयारीला त्याच्या कितीतरी पट वेळ जातो आणि त्यातला मोठा भाग श्रोत्यांची पत्रं वाचण्यात जातो. प्रश्न पुन्हा पुन्हा तेच येतात, पण विचारणारा प्रत्येक जण पहिल्यांदाच विचारत असतो. म्हणून इथे जमतील तेवढी नीट उत्तरं देतो आहे.

हवं ते संगीत हवं तेव्हा फोनवर मिळतं. मग जॅझ रेडिओवर का ऐकायचं?

फोनवर तुम्ही जे शोधता ते सापडतं. पण जे आहे हेच तुम्हाला ठाऊक नाही ते शोधणार कसं? जॅझच्या बाबतीत ही अडचण फार मोठी आहे. एकच धून पन्नास जणांनी पन्नास तऱ्हांनी वाजवलेली असते. त्यातली कुठली आधी ऐकावी, कुठलीनंतर कुठली ऐकली की दोन्ही उलगडतात, हे सांगायला कुणीतरी लागतं. चांगला निवेदक हेच काम करतो. तो दोन ध्वनिमुद्रणं शेजारी शेजारी ठेवतो आणि बाजूला होतो.

दुसरं असं की रेडिओवर तुम्ही मध्येच उठून पुढचं गाणं लावू शकत नाही. जॅझचे कित्येक तुकडे पहिल्या दोन मिनिटांत परके वाटतात आणि पाचव्या मिनिटाला कानात बसतात. बोटाखाली 'पुढे'चं बटण असतं तेव्हा ते पाचवं मिनिट येतच नाही. "बंद करणार होतो, तेवढ्यात..." अशी सुरुवात असलेली पत्रं मला जितकी येतात तितकी दुसरी कुठलीच येत नाहीत.

रेडिओवर जॅझ कधीपासून लागतं?

दोघांचं वय जवळपास सारखं आहे. जॅझची पहिली म्हणून ओळखली जाणारी तबकडी १९१७ मध्ये निघाली आणि पिट्सबर्गच्या केडीकेए केंद्राचं प्रसारण नोव्हेंबर १९२० मध्ये सुरू झालं. पुढची वीस वर्षं दोघं हातात हात घालून वाढले.

त्या काळी स्टुडिओत तबकड्या लावण्यापेक्षा थेट प्रसारणाची पद्धत जास्त होती. नृत्यगृहात किंवा हॉटेलात मायक्रोफोन ठेवायचा, टेलिफोनच्या तारेने आवाज केंद्रापर्यंत आणायचा आणि तिथून हवेत सोडायचा. पियानोवादक आणि वाद्यवृंदप्रमुख ड्यूक एलिंग्टन डिसेंबर १९२७ मध्ये न्यूयॉर्कच्या हार्लेम भागातल्या कॉटन क्लबमध्ये वाजवू लागले. तिथून होणाऱ्या प्रसारणांनी त्यांचं नाव देशभर नेलं. या क्लबमध्ये मंचावर कृष्णवर्णीय कलाकार आणि प्रेक्षकांत फक्त गोरे, अशी रीत होती. ज्या माणसाला त्या दारातून आत सोडलं नसतं, त्यालाही घरी बसून तेच वादन त्याच क्षणी ऐकता येत होतं. रेडिओने जॅझसाठी केलेल्या कामांत मला हे सगळ्यात मोठं वाटतं.

शिकागोत पियानोवादक अर्ल हाइन्स ग्रँड टेरेस या क्लबमधून असेच वाजवत. त्यांची प्रसारणं ऐकून दूरदूरचे तरुण पियानोवर बसले. 'फादा' हे त्यांचं टोपणनावसुद्धा एका रेडिओ निवेदकानेच पाडलं आणि ते जन्मभर टिकलं.

१९३५ मध्ये न्यूयॉर्कच्या एका केंद्रावर मार्टिन ब्लॉक या निवेदकाने तबकड्या अशा लावायला सुरुवात केली, की आपण नृत्यगृहातच बसलो आहोत असं वाटावं. आज आपण ज्याला रेकॉर्ड लावणारा निवेदक म्हणतो, त्याचं रूप अशाच कार्यक्रमांतून घडलं.

विलिस कोनोव्हर कोण होते? त्यांचं नाव कार्यक्रमात सारखं येतं.

येणारच. जगात आजवर सर्वांत जास्त लोकांना जॅझची गोडी कुणी लावली असं विचारलं, तर मी एखाद्या वादकाच्या आधी या निवेदकाचं नाव घेईन.

अमेरिकन सरकारच्या, परदेशांसाठी चालणाऱ्या व्हॉइस ऑफ अमेरिकेवर ६ जानेवारी १९५५ रोजी त्यांचा जॅझचा तास सुरू झाला. सुरुवातीला 'टेक द ए ट्रेन' ही एलिंग्टनच्या वाद्यवृंदाची धून वाजायची आणि मग कोनोव्हर बोलायचे. खर्जातला, सावकाश, प्रत्येक शब्द सुटा करणारा आवाज. ज्यांना इंग्रजी जेमतेम येतं अशांसाठी ते मुद्दाम तसं बोलत. पोलंड, सोव्हिएत संघ, क्यूबा अशा ठिकाणच्या अनेकांनी जॅझबरोबर इंग्रजीही त्यांच्याकडूनच शिकून घेतली. शॉर्टवेव्हवर आवाज येतो-जातो, मध्येच खरखर होते. घाईने बोललेलं वाक्य त्या लाटेत वाहून जातं, सावकाश बोललेलं हाती लागतं. आजही माझं बोलणं भरभर होऊ लागलं की मी त्यांचं एखादं जुनं ध्वनिमुद्रण लावून ऐकतो.

त्यांच्या कार्यक्रमात राजकारणावर भाषणं नसत. वादकांनी सूर आणि लय यांवर आधी एकमत करायचं आणि मग त्या चौकटीत ज्याने त्याने मोकळेपणी बोलायचं, ही जॅझची रीतच लोकशाहीसारखी आहे, असं ते मानत. ते वेगळं सांगायची त्यांना गरज वाटली नाही.

१९५९ मध्ये ते पोलंडला गेले. विमानातून उतरताना खाली गर्दी, फुलं, कॅमेरे. विमानात कुणीतरी मोठी व्यक्ती असणार असं त्यांना वाटलं. ती गर्दी त्यांच्यासाठीच होती. त्यांच्या स्वतःच्या देशात मात्र त्यांना रस्त्यात कुणी ओळखलं नसतं. परदेशांसाठी केलेलं हे प्रसारण देशात ऐकवायला १९४८च्या कायद्याने बंदी होती. १९९६ मध्ये ते गेले, तोपर्यंत त्यांचे श्रोते जगभर पसरले होते. 'फ्रेंड्स ऑफ म्युझिक यूएसए' या नावाने या श्रोत्यांची मंडळं कित्येक देशांत उभी राहिली होती. पोलंडचे पियानोवादक अ‍ॅडम माकोविच आणि क्यूबाचे सॅक्सोफोनवादक पाकितो द'रिव्हेरा यांनी आपण हा कार्यक्रम ऐकत घडलो असं आवर्जून सांगितलं आहे.

निवेदक इतकं का बोलतो? संगीत लावा आणि गप्प बसा ना.

सगळ्यात जास्त येणारी तक्रार हीच. तिच्याइतकंच दुसरं पत्र येतं : "वादकांची नावं पुन्हा सांगाल का, लिहून घ्यायची राहिली." दोन्ही पत्रं एकाच भागाबद्दल असतात.

माझा नियम सांगतो. तुकडा वाजून झाल्यावर कोण काय वाजवत होतं हे सांगायचंच. ट्रम्पेट कुणाचा, सॅक्सोफोन कुणाचा, पियानो, बास, ड्रम्स कुणाचे, आणि ध्वनिमुद्रण कुठल्या वर्षीचं. जॅझमध्ये ही माहिती शोभेची नसते. धून कुणी लिहिली यापेक्षा त्या दिवशी त्या खोलीत कोण बसलं होतं यावर संगीत ठरतं. बास वाजवणाऱ्याचं नाव सांगितलं नाही, तर तासभर ज्याने सगळ्यांना उचलून धरलं त्याला आपण अनामिक करून टाकतो. नावं सांगायला पंधरा-वीस सेकंद लागतात. तेवढी मी घेणारच.

त्यापुढचं बोलणं किती असावं यावर मात्र प्रामाणिक मतभेद आहेत. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाच्या डब्ल्यूकेसीआर केंद्रावर फिल शॅप १९८१ पासून 'बर्ड फ्लाइट' हा कार्यक्रम करत. विषय एकच, 'बर्ड' या टोपणनावाचे सॅक्सोफोनवादक चार्ली पार्कर, आणि तोही सोमवार ते शुक्रवार रोज सकाळी. एखाद्या ध्वनिमुद्रणाची तारीख, त्या दिवशीचे वादक, कितवा प्रयत्न निवडला गेला, हे ते इतक्या बारकाईने सांगत की कधी कधी संगीतापेक्षा बोलणं लांबायचं. काही श्रोते वैतागत, काहींना तेच ऐकायचं असायचं. २०२१ मध्ये ते गेले, तोवर त्यांच्या त्या बोलण्यातून कित्येकांना कळलं होतं की तीन मिनिटांच्या एका तबकडीमागे किती माणसं आणि किती तास असतात. मला स्वतःला इतकं बोलणं झेपणार नाही, पण ते वाया गेलं असं मी कधीच म्हणणार नाही.

एक गोष्ट मात्र मी कटाक्षाने पाळतो : सोलो, म्हणजे एकट्या वादकाचं वादन, चालू असताना त्यावर बोलत नाही. शेवटचा सूर पूर्ण विरेपर्यंत थांबतो. झांजेचा नाद विरायला चार-पाच सेकंद लागतात आणि रेडिओवर ती शांतता फार लांब वाटते. ती तशीच ऐकू द्यावी.

एकेक जण इतका वेळ काय वाजवतो? धून कुठे गेली ते कळत नाही.

धून गेलेली नसते, जमिनीखालून वाहत असते.

पुष्कळशी जुनी जॅझ-गीतं बत्तीस मात्राखंडांची (एक खंड म्हणजे बहुधा चार मात्रा) असतात, आठ-आठचे चार भाग. पहिला भाग, पुन्हा तोच, मग वेगळा तिसरा, आणि शेवटी पुन्हा पहिला. आपल्या शब्दांत मुखडा, मुखडा, अंतरा, मुखडा. आधी सगळे मिळून हे एकदा वाजवतात. मग ट्रम्पेटवाला, सॅक्सोफोनवाला, पियानोवाला आळीपाळीने याच बत्तीस खंडांवर नवी धून रचत जातात. बास आणि पियानो खालून तीच स्वरसंगती फिरवत राहतात. म्हणजे आवर्तन चालूच असतं, वरची चाल बदलते. तुम्ही मनातल्या मनात मूळ गाणं गुणगुणत राहा. वादक 'अंतऱ्या'वर पोचला की तुम्हीही तिथेच पोचलेले असाल. पहिल्यांदा हे जुळतं तेव्हा समेवर आल्यासारखाच आनंद होतो.

सॅक्सोफोनवादक कोलमन हॉकिन्स यांनी ऑक्टोबर १९३९ मध्ये 'बॉडी अँड सोल' वाजवलं. जेमतेम तीन मिनिटांचं ध्वनिमुद्रण. मूळ चाल सुरुवातीला जराशी दिसते आणि मग जवळजवळ संपूर्ण तुकडा हॉकिन्स यांचीच रचना आहे. तरीही ते लोकांनी डोक्यावर घेतलं. याच तुकड्यापासून सुरुवात करा, दहा वेळा ऐकला तरी वेळ जात नाही.

तीन मिनिटंच का? तेव्हाच्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूला तेवढंच मावायचं. १९४८ मध्ये लाँगप्ले तबकडी आली आणि सोलोंना हातपाय पसरायला जागा मिळाली. नऊ-दहा मिनिटांचे तुकडे रेडिओवर लावायचे तर तासात पाच-सहाच होतात. म्हणून मी एका तासात लांब तुकडे दोनच घेतो.

खरखरणारी जुनी ध्वनिमुद्रणं का लावता?

कारण काही संगीत फक्त तशाच रूपात उरलं आहे.

१ ऑगस्ट १९४२ पासून अमेरिकेतल्या वादकांच्या संघटनेने तबकड्यांसाठी वाजवणं बंद केलं. मोबदल्याचा वाद होता. एका मोठ्या कंपनीशी १९४३ मध्ये समझोता झाला, उरलेल्या दोन मोठ्या कंपन्यांना नोव्हेंबर १९४४ उजाडला. नेमक्या त्याच काळात बीबॉप ही जॅझची नवी, वेगवान शैली जन्माला येत होती. १९४३ मध्ये अर्ल हाइन्स यांच्या वाद्यवृंदात चार्ली पार्कर आणि ट्रम्पेटवादक डिझी गिलेस्पी एकत्र वाजवत होते, आणि त्या वाद्यवृंदाची तबकडी निघाली नाही. ऐन वळणावरचा रस्ता असा अंधारात राहिला.

थेट प्रसारणाला त्या बंदीची आडकाठी नव्हती. लोक आपापल्या घरी रेडिओवरून टिपून ठेवत, केंद्रंही कधी कधी तबकडीवर उतरवून ठेवत. पुढे डिसेंबर १९४९ मध्ये न्यूयॉर्कचा बर्डलँड हा जॅझ क्लब उघडला आणि तिथून 'सिंफनी सिड' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या निवेदकाची रात्रीची प्रसारणं सुरू झाली. त्यातलीही पुष्कळ अशीच कुणाच्या तरी घरच्या यंत्रावर वाचली. स्टुडिओतल्या तबकडीत जे सावध वाटतं ते इथे मोकळं सुटलेलं असतं. मागे ग्लासांचा आवाज असतो, कुणीतरी ओरडून दाद देतो.

तुमच्या कानाला खरखरीचा त्रास होत असेल तर आवाज थोडा कमी करा आणि दोन मिनिटं द्या. कान खरखर बाजूला सारायला शिकतो. मी अशा तुकड्याआधी आता सूचना देतो, कारण एका श्रोत्याने आपला रेडिओ बिघडला असं समजून तो उघडला होता.

श्रोत्यांच्या प्रतिसादाने खरोखर काही बदलतं का?

बदलतं. कधी एका रात्रीत.

१ डिसेंबर १९३४ पासून अमेरिकेतल्या एनबीसी या देशभरच्या रेडिओ जाळ्यावर शनिवारी रात्री तीन तासांचा 'लेट्स डान्स' कार्यक्रम होता. तीन वाद्यवृंद आळीपाळीने वाजवायचे. त्यातला तिसरा बेनी गुडमन यांचा, आणि त्यांच्याकडे फ्लेचर हेंडरसन यांनी बांधलेल्या जोरकस रचना होत्या. पूर्व किनाऱ्यावर कार्यक्रमाचा उत्तरार्ध मध्यरात्र ओलांडायचा, श्रोते पेंगुळलेले असायचे. मे १९३५ मध्ये कार्यक्रम बंद झाला. गुडमन दौऱ्यावर निघाले तर वाटेत लोक वॉल्ट्झ, म्हणजे जुन्या संथ नाचाच्या चाली, वाजवा म्हणू लागले. वाद्यवृंद मोडायच्या बेताला आला होता.

२१ ऑगस्टला ते लॉस एंजलिसच्या पालोमार नृत्यगृहात पोचले. सुरुवातीला सगळं बेताबेतानेच चाललं. मग त्यांनी हेंडरसनच्या रचना काढल्या आणि गर्दी मंचाकडे धावली. का? पश्चिम किनाऱ्यावरचं घड्याळ तीन तास मागे असतं. तिकडच्या तरुणांनी तोच उत्तरार्ध रात्री नऊ-दहाला, चांगले जागे असताना, महिनोन् महिने ऐकला होता. इतके श्रोते आपल्याला आहेत हे गुडमन यांना त्या रात्रीपर्यंत ठाऊकच नव्हतं! मोठ्या वाद्यवृंदांच्या या नाचायच्या जॅझला स्विंग म्हणतात आणि स्विंगचं युग त्या रात्रीपासून मोजतात. मला वाटतं, त्या मुलांनी आधीच पत्रं लिहिली असती, तर वाटेतल्या त्या निराश मुक्कामांवर वाद्यवृंदाला तेवढा तरी आधार मिळाला असता.

दुसरं उदाहरण एकाच श्रोत्याचं आहे. १९३६ मध्ये संगीतसमीक्षक आणि ध्वनिमुद्रणांचे निर्माते जॉन हॅमंड शिकागोत गाडीतल्या रेडिओची कळ फिरवत होते. पट्टीच्या अगदी टोकाला कॅन्सस सिटीचं एक प्रायोगिक केंद्र लागलं. रीनो क्लबमधून काउंट बेसी यांचा वाद्यवृंद वाजत होता. हॅमंड यांनी लिहायला आणि लोकांना सांगायला सुरुवात केली, स्वतः कॅन्सस सिटीला गेले, आणि त्याच वर्षाअखेर बेसी मोठ्या शहरांच्या वाटेला लागले.

हे संगीत ऐकून लोक चिडतही असत का?

खूप. आजची "हा गोंगाट बंद करा" ही पत्रं त्यापुढे सौम्य आहेत.

१९३८ मध्ये न्यू जर्सीच्या बाख सोसायटीने प्रसारणाचे परवाने देणाऱ्या केंद्रीय आयोगाकडे तक्रार केली, की रेडिओवर जुन्या जर्मन संगीतकार बाखच्या रचना जॅझच्या ढंगात वाजवून त्यांची वाट लावली जाते आहे. त्याच वर्षी डेट्रॉइटच्या एका केंद्राने 'लॉक लोमंड'सारख्या जुन्या गीतांची स्विंगमधली रूपं आपल्याकडे लागणार नाहीत असं ठरवलं.

जर्मनीत गोष्ट रागावर थांबली नाही. १२ ऑक्टोबर १९३५ रोजी नाझी राजवटीच्या प्रसारणप्रमुखाने जर्मन रेडिओवरून जॅझ हद्दपार केल्याचं जाहीर केलं. त्या बंदीमागे उघड वंशद्वेष होता. तरीही तरुण मुलं चोरून परदेशी केंद्रं ऐकत राहिली. युद्ध सुरू झाल्यावर परदेशी केंद्र ऐकणं हाच गुन्हा ठरला.

म्हणून चिडलेलं पत्र आलं तरी मी ते जपून वाचतो. चिडलेल्या माणसाने पूर्ण ऐकलेलं असतं. तुकड्याचं नाव आणि कुठल्या मिनिटाला असह्य झालं हे लिहिणारा माणूस, "छान कार्यक्रम" एवढंच लिहिणाऱ्यापेक्षा मला जास्त देतो.

मला जॅझमधलं काही कळत नाही. मी पत्र लिहावं का?

तुम्हीच लिहावं. जाणकारांची पत्रं मला माझी माहिती तपासायला उपयोगी पडतात, पण कार्यक्रम नीट पोचतो आहे की नाही ते तुमच्याकडूनच कळतं.

पारिभाषिक शब्द लागत नाहीत. एका बाईंनी लिहिलं होतं : "तिसऱ्या गाण्यात जो माणूस बोलल्यासारखं वाजवत होता, आणि मध्येच वाक्य अर्धवट सोडून देत होता, तो कोण?" तो लेस्टर यंग होता. यंगच्या सॅक्सोफोनचं इतकं नेमकं वर्णन मला आजवर जमलेलं नाही. तेव्हापासून त्यांचं वादन लावताना मला ते अर्धवट सोडलेलं वाक्य ऐकू येतं.

लिहायचं तर त्याच रात्री किंवा दुसऱ्या दिवशी लिहा. आठवड्याने फक्त आवडलं की नाही एवढंच उरतं, का ते विरून जातं.

फर्माईश पाठवताना काय लिहू?

धुनीचं नाव, वादकाचं नाव, आणि जमल्यास कुठलं ध्वनिमुद्रण. शिवाय ती का हवी आहे याची एक-दोन वाक्यं. हे शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं.

फक्त फर्माईशींवर चालणारा कार्यक्रम कसा असतो ते पाहायचं तर बीबीसीचा 'जॅझ रेकॉर्ड रिक्वेस्ट्स' ऐका. डिसेंबर १९६४ मध्ये तो सुरू झाला, पहिले निवेदक ट्रम्पेटवादक हम्फ्री लिटलटन. निवेदक बदलत गेले, पण जे वाजायचं ते श्रोत्यांच्या मागणीतूनच, ही रीत टिकली. त्यामुळे त्यात १९२० च्या दशकातलं न्यू ऑर्लिन्स शहराच्या ढंगाचं जॅझही लागतं आणि पुढच्याच क्षणी काल-परवाचं काहीतरी. एकटा निवेदक कितीही मोठ्या मनाचा असला तरी त्याच्या आवडीला कुंपण असतं. मला ऑर्गनवरचं जॅझ फारसं रुचत नसे, फर्माईशींमुळे लावत गेलो आणि रुचू लागलं.

गायन कमी का असतं?

कमी नसतं, दर आठवड्याला किमान एक तुकडा असतोच. एला फिट्झगेराल्ड आणि बिली हॉलिडे यांच्याशिवाय महिना जात नाही.

जॅझ रात्री उशिराच का लागतं?

वेळा ठरवणाऱ्यांचा श्रोतेसंख्येचा हिशेब हे एक कारण. पण मूळ कारणं जुनी आहेत. क्लब रात्री चालत, म्हणून थेट प्रसारणही रात्रीच. शिवाय मध्यम लहरी रात्री खूप दूर जातात. दिवसा वातावरणाचा एक खालचा थर त्या शोषून घेतो, सूर्य मावळला की तो थर विरतो आणि लहरी आयनांबर या वरच्या थरावर आपटून शेकडो मैलांवर उतरतात. कॅन्सस सिटीतलं वादन शिकागोत ऐकू यायचं ते असं.

वादकांशी गप्पा असलेले कार्यक्रम ऐकावेत का?

एक तरी ऐकाच : मॅरियन मॅकपार्टलंड यांचा 'पियानो जॅझ'. अमेरिकेच्या एनपीआर या सार्वजनिक रेडिओवर १९७९ ते २०११ अशी तीन दशकं तो चालला. बाई स्वतः अव्वल पियानोवादक. पाहुणा दुसऱ्या पियानोवर. प्रश्न विचारायचा तो वाजवून, उत्तरही वाजवून. बिल इव्हान्स यांच्याबरोबरच्या भागात ते एखादी धून मनात कशी बांधतात, लय पुढे-मागे कशी सरकवतात हे बोलता बोलता करून दाखवतात. ज्याला संगीताची लिपी येत नाही त्यालाही ते समजतं, कारण सांगितलेली गोष्ट पुढच्याच सेकंदाला कानावर पडते.

आमचा आवडता कार्यक्रम बंद होतोय असं कळलं. काय करता येईल?

लवकर हालचाल करता येईल. उशीर झाला तर फार काही करता येत नाही.

१९८० च्या सप्टेंबरात न्यूयॉर्कचं डब्ल्यूआरव्हीआर हे जॅझचं केंद्र एकाएकी कंट्री या अमेरिकन ग्रामीण ढंगाच्या संगीताकडे वळलं. श्रोत्यांना आधी पत्ता लागला नाही. त्यांनी संघटना केली, परवाना देणाऱ्या आयोगापर्यंत गेले, पण केंद्र परत आलं नाही.

सिअ‍ॅटल-टॅकोमा भागातल्या केपीएलयूच्या श्रोत्यांना मात्र मुदत मिळाली. बातम्या आणि जॅझ देणारं हे केंद्र विकलं जाणार हे २०१५ च्या नोव्हेंबरात कळलं. लोकांचा विरोध इतका झाला की श्रोत्यांनीच ७० लाख डॉलर उभे केले तर केंद्र त्यांना मिळेल असं ठरलं. मुदत ३० जून २०१६. मे संपता संपता रक्कम जमली! आज ते केएनकेएक्स या नावाने ८८.५ मेगाहर्ट्झवर चालतं. अमेरिकेत ८८ ते ९२ मेगाहर्ट्झ हा पट्टा ना-नफा केंद्रांसाठी राखीव आहे आणि तिथलं बरंचसं जॅझ याच पट्ट्यात श्रोत्यांच्या देणग्यांवर जगतं.

तेव्हा केंद्राला पत्र लिहायला कार्यक्रम धोक्यात येण्याची वाट पाहू नका. कार्यक्रम सुरळीत चालू असताना आलेलं पत्र आमच्या बाजूने बोलतं. बंद होताना आलेली शंभर पत्रं वरिष्ठांना नुसता शोक वाटतात. माझ्या आधीच्या केंद्रावर मी हे अनुभवलं आहे. तिथला माझा कार्यक्रम बंद झाल्यावर जी पत्रं आली त्यांतली निम्मी वर्षभर आधी आली असती, तर माझ्या हातात दाखवायला काहीतरी असतं.

निवेदनातली चूक दाखवली तर चालेल का?

चालेल काय, दाखवाच. जॅझमध्ये चुकीचं नाव सांगणं म्हणजे एकाची मेहनत दुसऱ्याच्या खात्यावर जमा करणं.

एकदा मी ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिस यांच्या १९५९ च्या 'काइंड ऑफ ब्लू'मधला 'फ्रेडी फ्रीलोडर' लावला आणि पियानोवर बिल इव्हान्स असं सांगून मोकळा झालो. त्या तबकडीवर बाकी सगळीकडे इव्हान्सच आहेत. या एका तुकड्यात मात्र विंटन केली आहेत. तीन दिवसांनी एक पोस्टकार्ड आलं. वर-खाली काही नाही, मधोमध एकच ओळ : "तो पियानो हसतोय. इव्हान्स असे हसत नाहीत."

मी पुन्हा लावून ऐकलं. ब्लूज या गीतप्रकाराच्या त्या बारा खंडांवर केली असे काही उड्या मारत येतात की चूक व्हायला नकोच होती. मी न ऐकता, नेहमीची माहिती डोक्यात ठेवून बोललो होतो. पोस्टकार्ड लिहिणाऱ्याने ऐकलं होतं. पुढच्या आठवड्यात चूक सांगितली आणि तोच तुकडा पुन्हा लावला.

आमच्या पत्रांचं पुढे काय होतं?

पुढच्या भागाची यादी करण्याआधी सगळी वाचतो. सगळ्यांना उत्तर देणं होत नाही, त्याची खंत आहे. फर्माईशी वेगळ्या वहीत उतरवतो. एखाद्या ध्वनिमुद्रणाबद्दल कुणी काही नेमकं लिहिलं असेल, तर ते पत्र त्याच तबकडीच्या वेष्टनात ठेवून देतो. ती तबकडी पुन्हा काढली की पत्र आधी हातात येतं. 'काइंड ऑफ ब्लू'मध्ये ते पोस्टकार्ड आहे. शाई आता फिकट झाली आहे, पण ओळ वाचता येते, आणि तो तुकडा लावायच्या आधी मी ती दर वेळी वाचतो.